एकतिसावा किलो

बरका सोडलं की दर चौकात काहीतरी भव्य लागतं.
एकात दोन मजली कॉफीची किटली,
जिच्यातून वीस वर्षांत थेंब सांडलेला नाही.
पुढच्यात ऊददाणी, बैलगाडीएवढी.
त्यापुढच्यात अख्खं गलबत,
समुद्र चार किलोमीटरवर मोकळा पडलेला असताना
सिमेंटच्या लाटांवर रुतून बसलेलं.
मिरजेहून आलेल्या वैजूवहिनी
प्रत्येकासमोर पदर सारखा करून उभ्या राहिल्या
आणि प्रत्येक फोटोत नेमकी ती वस्तूच कापली गेली.
फोटो मी काढत होतो. असो.

सहमच्या अलीकडे, पंक्चरच्या दुकानामागे,
निळ्या पत्र्यावर अरबीत एक लांबलचक ओळ,
खाली हिंदीत थोडक्यात:
‘अजायबघर. तीस किलो के बाद.’

मालक खलफान.
सीबच्या विमानतळावर सव्वीस वर्षं
त्याने ढकलगाड्या गोळा केल्या.
हिंदी बापाकडून आली,
बापाला मुंबईच्या खजूरबाजारातून,
त्यामुळे आकडे आणि शिव्या अस्खलित.

तिकीट नाही. दारात विमानतळाचा जुना काटा,
त्यावर उभं राहायचं,
तो आकडा वहीत लिहितो, लिहिताना मोठ्याने वाचतो.
वहिनींनी चपला काढल्या, पर्स काढली,
पुन्हा चढल्या,
मग म्हणाल्या, इथे जमिनीला उतार आहे.

आत फळ्याच फळ्या.
काउंटरसमोर बॅग उघडून, गुडघ्यांवर बसून,
मागच्या रांगेचे सुस्कारे ऐकत
माणसांनी जे जे बाहेर काढलं, ते सगळं.
कुकरचं झाकण. कुकर कोट्टायमला पोचला.
लग्नाचा अल्बम, भाग दुसरा, म्हणजे नुसती जेवणावळ.
सरबताच्या पावडरीचे सात डबे,
आठवा त्याने तिथेच फोडून रांगेत वाटला म्हणे.
वाघाचं ब्लँकेट, कात्रीने निम्मं केलेलं;
इथे तोंड आहे, शेपूट गुजरांवाल्यात
कुणाच्या तरी सासऱ्याला ऊब देते.
एक डंबेल. दुसरं गेलं.
‘उस आदमी का एक ही हाथ मोटा होगा,’
खलफान म्हणाला, आणि खरोखर काळजीत पडला.

कोपऱ्यात, स्टुलावर, मखमलीच्या तुकड्यावर
वरवंटा.
पाटा नाही, पाटी आहे:
‘पत्थर. हिंदुस्तान से लाए थे.
हिंदुस्तान वापस ले जा रहे थे.
क्यों, मालूम नहीं.’

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.
वाकून त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला,
जसा आंबा बघतात तसा.
म्हणाल्या, आपल्याकडचाच आहे.
या अंगाला जास्त झिजलाय बघा,
बाई डावरी होती.

बाहेर बाकावर कावा आला, खजूर आले,
बशीतून थरथरत हलवा आला.
खलफान मला सांगत होता
की पुढच्या वर्षी एसी बसवणार,
एसीही असाच कुणीतरी सोडून जाईल, वाट बघतोय.
वहिनी आत काहीतरी विसरल्या होत्या, त्या घेऊन आल्या.

निघताना पुन्हा काट्यावर. नियम म्हणजे नियम.
मी दोनशे ग्रॅम जास्त. ‘हलवा,’ तो म्हणाला, ‘माफ.’
मग वहिनी. या वेळी पर्स खांद्यालाच,
आणि तो खांदा जरा खाली.
चार किलो जास्त.
खलफानने आकडा पाहिला, पर्स पाहिली,
मग बराच वेळ पंक्चरच्या दुकानाकडे पाहिलं,
जिथे काहीच चाललेलं नव्हतं.
वही मिटून म्हणाला,
‘यहाँ ज़मीन टेढ़ी है, बहनजी.’

गुरुवारी वहिनींचं विमान.
बॅग आत्ताच चौतीस भरते आहे.
काय काढायचं यावर घरात मतं आहेत:
बदाम, की दादाचे बूट, की माझ्या आईला घेतलेली शाल.
त्या दगडाचं नाव
अजून कुणी काढलेलं नाही.